मांगच्या सीटवरचे कप्तान

डोणगावात मंडपाचं काम करणारे अजून दोघं हायत. त्याईचे मंडप उभे राह्यतात, माहा मंडप बसते. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात, आन लोकाईचं खरं हाय. एका लग्नात नवरदेवाच्या मामाच्या डोक्यावर माहा खांब पडला, तर मामा डोकं चोळत म्हणे, "बबन्याचा मंडप हाय बाप्पा, आपणच सरकून बसाले पायजे होतं."

असा मी. तरी बी कप्तान साहेबाईनं आपल्या जिंदगीतलं सर्वात अवघड काम माह्याच अंगावर टाकलं.

कप्तान म्हणजे याकूब देशमुख. आमच्या डोणगावचेच. जवानीत विमान उडवलं. कुठी शिकले, कसे शिकले, ते मले नका इचारू, मले सायकल शिकाले दोन पावसाळे लागले. मंग सरकारनं त्याईले दिल्लीले बोलावलं. म्हणे, तुम्ही लय उडवलं, आता दुसरे कसे उडवतात ते पाहा. विमानात उडवणाऱ्याच्या मांगं एक लहानशी सीट अस्ते म्हणे. तिच्यावर बसाचं. बोलाचं काही नाही, फक्त पाहाचं. खाली उतरलं का सांगाचं, हा माणूस उडवाच्या लायक हाय का नाही. आन कुठी विमान पडलं तर त्याची चौकशी बी त्याईनंच कराची. गावात लोक म्हणत, "कप्तानाची नोकरी काय? तर नाही म्हणाची." रिटायर झाले, आन शमीम चाचीले घेऊन गावात परत आले. पोरगा बाहेर देशात. फोनमध्ये दिसे.

माही त्याईची ओळख उकिरड्यात झाली.

एका पुढाऱ्याची सभा होती. पुढारी हेलिकॉप्टरनं येणार. मैदानात चुन्याचा गोल काढाचा, आन गोलात ते इंग्रजी एच अक्षर, हे काम माह्याकडं आलं. मले ना मराठी वाचता येत ना इंग्रजी. एकजण म्हणे, "बबन्या, शिडी काढ, पायरी एकच ठेव." तशी काढली. पण मंग माह्या डोक्यात आलं का एवढा मोठा पाहुणा, पाय काय मातीत ठेवीन? म्हून मी त्या शिडीवर नवा लाल गालिचा हातरला. वर झेंडूच्या पाकळ्या. जोळच कापडाची कमान, सुस्वागतमवाली.

तेवढ्यात पांढरा शर्ट, पांढरे केस, हात मांगं बांधेल, असा माणूस आला.

"गालिचा कोणाचा?"

"माहा, साहेब. आजच खोलला."

"उचल."

"साहेब, पाहुण्याचे पाय..."

"पाय राहू दे. त्याच्या डोक्यावर पंखा हाय. तो पंखा हा गालिचा वर घेईन, आन मंग पाहुणा बी खाली येईन, तुह्यावर." मंग कमानीकडं पाह्यलं. "हे बी काढ."

मी म्हणलं, "हाव." गालिचा उचलला. पण कमान काही काढली नाही, लय मेहनतीची होती. तिले एक दोर जास्तीचा बांधला. आन माह्या हुशारीची कमाल पाहा, तो दोर हातात धरून मीच उभा राह्यलो.

हेलिकॉप्टर आलं. कमान गेली. कमानीमांगं दोर गेला, दोरामांगं मी. मी शेणखताच्या उकिरड्यात उतरलो, पायजमा बाभळीवर उतरला. त्या पुढाऱ्यानं काय भाषण केलं, एकाले बी याद नाही. माहा पायजमा अजून याद हाय.

सारे भांडून राह्यले होते. कार्यकर्ते म्हणत हवा लय होती, पोलीस म्हणत हेलिकॉप्टर लय खालून आलं. साहेब उकिरड्याजोळ आले, उकिडवे बसले. म्हणे, "कोण चुकलं ते नको सांगू. काय झालं ते सांग."

मी म्हणलं, "साहेब, तुम्ही काढ म्हणलं, मी हाव म्हणलं, आन काढली नाही. दोर जुना होता. गाठ कच्ची होती. आन लोकाईनं मले पाहावं म्हून मी पुढं उभा होतो. पाह्यलं त्याईनं."

साहेब म्हणे, "तू नेहमी असाच बोलतो का? सवताच्या उलट?"

"साहेब, माह्या बाजूनं बोलासारखं काही भेटतच नाही."

तव्हा ते हासले. मंग म्हणे, "जिंदगी गेली माही अपघातानंतर माणसाईसमोर बसण्यात. पह्यलं नाव प्रत्येकजण दुसऱ्याचं घेते. पायजमा घाल आन चहाले ये."

तसा मी त्याईच्या घरी जाऊ लागलो. मले वाटलं मोठ्या माणसाच्या घरी मोठ्या गोष्टी असतीन. गच्चीवर पाह्यलं तर काठीले जुन्या शर्टाची एक बाही बांधेल. हवा कोणीकडून हाय ते समजाले. गल्लीतल्या बाया त्या बाहीकडं पाहून धान उपणत. विमान गेलं वरून तर साहेब मान वर करत नव्हते. मी एकदा म्हणलं, "साहेब, विमान!" तर म्हणे, "त्याचं फक्त पोट दिसते. पोटाकडं पाहून माणूस समजत नाही."

आन त्याईच्या भाजीची गोष्ट. लग्नात चाचीनं वांग्याची भाजी घेतली तर साहेब वरणच घेत. चाचीनं वरण घेतलं का साहेब वांग्याकडं. घरी बी दोघाईच्या दोन भाज्या. बाया म्हणत, "या वयात काय बाई भांडण हाय याईचं!" मले राहवलं नाही, मी इचारलं.

साहेब म्हणे, "विमानात उडवणारे दोघं अस्तात. ते कधी एक जेवण नाही खात. एकाले बाधलं तर दुसरा शाबूत पायजे."

"पण साहेब, चाची कुठी उडवते?"

"तिले मेहकरले नेणारा दुसरा कोण हाय? मी एकटा. म्हून मले बाधून चालत नाही."

चाचीच्या किडन्या गेल्या होत्या. मेहकरच्या दवाखान्यात मशीनवर रक्त साफ कराले हप्त्यातून दोन-तीनदा जा लागे. गेलं नाही का अंगात पाणी भरे, दम लागे. साहेब आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीत तिले नेत. मले मेहकरले बांबू-कापडाचं काम राहेच, आन माही मंडपाची लोडिंग गाडी निम्मे दिवस बंद राहे, म्हून मी मांगच्या सीटवर. दुपारी दवाखान्याच्या लिंबाखाली दोन डबे उघडत. चाचीचा पथ्याचा, बिनमिठाचा. साहेबाचा ठेचा-भाकरीचा. मी स्टँडवर जाऊन भजे खाऊन येत होतो. मले बाधलं तरी कोणाचं काही अडत नव्हतं.

गाडी चालू कराच्या आधी साहेबाईचं एक होतं. एकानं हाक द्याची, दुसऱ्यानं हात लावून जवाब द्याचा. डोळ्यानं पाहून नाही, हात लावून. हाक देणारा मी. मले वाचता येत नाही तर सारं पाठ करून घेतलं.

"दार?"

"बंद."

"पट्टा?"

"बांधला."

"आरसा?"

"साफ."

असं करत शेवटची हाक: "शमीम?"

तव्हा साहेब डावा हात चाचीच्या हातावर ठेवत आन म्हणत, "सोबत." मंगच चावी फिरे. पह्यल्या दिवशी माह्या तोंडून 'शमीम' निघेना, मोठ्या बाईचं नाव कसं घ्याचं? मी म्हणलं 'चाची?', तर साहेब म्हणे, "हाक देणाऱ्यानं लाजाचं नाही. नाव घे." चाची खिडकीकडं तोंड करून हासत होती.

एक दिवस चाची मशीनवर होती. आम्ही दोघं लिंबाखाली. साहेब त्याईच्या उस्तादाची गोष्ट सांगू लागले. ज्यानं त्याईले उडवणं शिकवलं, तो उस्ताद. म्हातारा झाला, पण उडवत होता. साहेब दिल्लीचे अधिकारी झाले, आन एक दिवस उस्तादाच्याच मांगच्या सीटवर बसाची पाळी आली.

"विमान असं उतरवलं बबन, का चहाचा कप हालला नाही. पण वरतं असताना त्यानं इचारलं, हवा कोणीकडून हाय. जवाब भेटला. थोड्या वेळानं परत इचारलं, हवा कोणीकडून हाय. दोनदा. मी खाली उतरून नाही म्हणलं."

"एवढ्याशा गोष्टीवर?"

"त्याच्या मांगं भरलेलं विमान राहे. उस्ताद म्हणे, याकूब, आजचा दिवस जाऊ दे. मी जाऊ देल्ला नाही. मंग त्यानं मले घरात घेतलं नाही. दर सणाले मी जात होतो, दार बंद. मेल्यावर त्याच्या बायकोनं दार उघडलं. म्हणे, तुमची गाडी आली का हे खिडकीच्या पडद्यामांगं येऊन उभे राहत. गाडी जाईपरेंत."

मंग साहेबाईनं माहा हात धरला.

"बबन, माह्या डोक्यात काही तरी सुरू हाय. ज्या दिवशी मी एक गोष्ट दोनदा इचारीन, त्या दिवशी माह्याकडून गाडीची चावी घेशील."

"मी? साहेब, मले तर कोणी गाढव हाकाले देत नाही. पोराले सांगा. डाक्टरले सांगा."

"पोरगा फोनमध्ये पाहून म्हणते, अब्बा तुम्ही फिट. शमीम तर डोळे झाकून तेच म्हणीन. डाक्टर इचारते आज वार कोणता, महिना कोणता. मी घरून पाठ करून जातो." हे सांगताना त्याईनं मान खाली घातली. "सारे उडवणारे असंच करत. त्याईले पकडाची नोकरी होती माही."

"पण मीच काऊन?"

"तू सवताच्या उलट खरं बोलतो. जो सवताच्या उलट बोलू शकते, तो माह्या बी उलट बोलीन."

"आन मंग चाचीले कोण नेईन?"

"ते मंगचं मंग. इथंच तर सारे फसतात, बबन. म्हणतात, मी उतरलो तर चालवीन कोण? म्हून उतरतच नाहीत."

त्या दिवसापासून मी त्याईचे सवाल मोजू लागलो. साहेब काही बी इचारत, "चहा घेतला?" तरी मी मनात देवाले हात जोडत होतो, बाप्पा, परत नको इचारू देऊ.

सोयाबीन निघाचे दिवस होते. सकाळी मी हाका देल्या. दार, पट्टा, आरसा. "शमीम?" साहेबाईनं हात ठेवला, "सोबत." चावी फिरवली. मंग एकदम चाचीकडं पाहून माह्याकडं वळले. "शमीम बसली का?"

चाची म्हणे, "अजी, ही काय मी."

मी खीखी हासलो. मले वाटलं मजाक हाय, जरी मले माहीत होतं का या हाकाईच्या बाबतीत ते मजाक करत नाहीत. गाडी निघाली. गावाच्या कडेले आलो तर साहेब समोरच्या काचातून पाहत म्हणे, "शमीम बसली का?"

चाचीनं मांगं वळून माह्याकडं पाह्यलं, आन मान अशी हालवली, नको, नको. तिचे हातपाय सुजेल होते. मशीनले नंबर होता. जिंदगीभर मी बोलून बोलून लोकाईले हासवलं, आन त्या दिवशी दोन शब्द निघाले तर ते हे:

"साहेब, चावी."

"बबन, चुप बस," चाची म्हणे. "तुले समजते का काही?"

साहेबाईनं गाडी बाजूले घेतली. आरशातून माह्याकडं पाह्यलं. "दोनदा?"

"हाव. दोनदा."

"पक्कं?"

"पक्कं, साहेब."

त्याईनं गाडी बंद केली. चावी काढली, खांद्यावरून मांगं धरली. घेताना माह्या हातून ती पडली, सीटखाली गेली, आन मी कंबर वर करून शोधत बसलो. कोणाच्या जिंदगीचा सर्वात वाईट टाइम असो, त्यात बबन्याचं ढुंगण वर असाचंच.

मंग गाडी मी चालवली. मंडपाची लोडिंग गाडी चालवाची सवय, माह्या गाडी चालवण्याले म्हशी हासतात. चाची मांगं बसली, साहेब माह्या बाजूले. मेहकरपरेंत जिथी जिथी ब्रेक मारा लागे, तिथी त्याईचा उजवा पाय खाली दाबल्या जाए. तिथं काहीच नव्हतं, नुसती चटई.

दुसऱ्या बारीले साहेब बाहेर आलेच नाही. चाची एकटी आली, मांगं बसली. त्याच्या पुढच्या बारीले बी तेच. मी बैठकीच्या खिडकीकडं पाह्यलं. पडदा हालला.

मले उस्तादाची सारी गोष्ट याद आली ना! मी म्हणलं, झालं, आता हे बी पडद्यामांगं मरतीन, आन ते गेल्यावरच मले दार उघडल्या जाईन. मी हात केला, "साहेब, येतो!" पडदा तसाच.

लय दिवस असं चाललं. चाची रस्त्यानं सांगे, "जेवत नाहीत. गाडी गेली का खिडकीत उभे राह्यतात, तर गाडी येईपरेंत उभेच. पाय सुजले त्याईचे. माह्यापेक्षा जास्त." मी इकडचं तिकडचं बोलून पाहे, माहे मंडप किती पडले ते सांगे. ती हासल्यासारखं करे, तेच जास्त लागे.

मंग एक दिवस मी गाडी घेऊन गेलो तर चाची ओट्यावर बसेल. उठेना. दम लागेल, तोंडावर सूज.

"चाची, चाला. मशीनचा नंबर जाईन."

"मी नाही येत, बबन. आता बंद. मी गेलीच नाही तर त्याईले खिडकीत उभं राहा लागणार नाही."

"चाची, मशीन बंद केली तर..."

"माहीत हाय मले काय होते ते."

असं म्हणून तिनं ओढणी तोंडावर घेतली. काय करावं? पोरगा तिकडं सात समुद्रापलीकडं. मी हुशार माणूस असतो तर काही तरी चांगलं बोललो असतो. मले येत होत्या त्या फक्त हाका. मी खिडकीखाली जाऊन उभा राह्यलो आन बेंबीच्या देठापासून ओरडलो:

"दार?"

आतून काही नाही. मीच म्हणलं, "बंद!"

"पट्टा? बांधला! आरसा? साफ!" सारी गल्ली जमा झाली. लोकाईले वाटलं बबन्या पागल झाला, म्हणजे त्याईले वाटत होतं ते पक्कं झालं.

"शमीम?"

याचा जवाब मी कसा देऊ? मी परत ओरडलो, "शमीम? साहेब, हाक देल्ली मी! चाची सोबत नाही म्हणते! मशीन बंद करते म्हणते ती! सांगा आता, गाडी चालू करू का नको?"

पडदा हालला नाही. मले वाटलं, संपलं. मी भिताडाले टेकून खाली बसलो.

तेवढ्यात दार वाजलं. साहेब बाहेर आले. पांढरा शर्ट, पण बटणं वरखाली लागेल. दाढी वाढेल. कोणाकडं पाह्यलं नाही, माह्याकडं बी नाही. ओट्यावर गेले, चाचीचा हात धरला, तिले उठवलं. गाडीचं मांगचं दार उघडून तिले बसवलं, दार लावलं. मंग दुसऱ्या बाजूनं येऊन सवता मांगं बसले. बरोबर माह्या मांगं.

मी समोर बसलो. "शमीम?" म्हणलं.

मांगून जवाब आला, "सोबत."

गाडी निघाली आन माह्या लक्षात आलं का साहेब कुठी बसेल हायत. मांगच्या सीटवर. बोलाचं नाही, फक्त पाहाचं. अशा सीटवरून त्याईनं आपल्या उस्तादाले नाही म्हणलं, आन समोर मी, ज्याले सायकल शिकाले दोन पावसाळे लागले. मी स्टेरिंग दोन्ही हातानं धरलं. रस्त्यावर लोकाईनं सोयाबीन वाळू घालेल होतं, अर्धा रस्ता गेला त्यात. मी गाडी हळू केली, कच्च्यात उतरवली, परत वर घेतली. आरशात पाह्यलं. साहेब माह्या हाताकडं पाहत होते.

"मेहकर आलं का?" त्याईनं इचारलं.

"नाही साहेब, हाय अजून."

थोड्या वेळानं परत. मंग अजून एकदा. मी दर बारीले सांगत होतो, जसं काही पह्यल्यांदाच इचारलं. चाची खिडकीतून बाहेर पाहत होती, पण तिनं साहेबाईचा हात सोडला नाही.

चाचीची मशीन झाली तव्हा दुपार कलली होती. लिंबाखाली बसलो. ओट्यावरून उठत नव्हती तरी डबे तिनं सकाळीच भरेल होते, साहेब येत नव्हते तव्हा बी भरे तसे दोन, आन निघताना मी ते गाडीत टाकले. पथ्याचा एक, ठेच्याचा एक. मी उठलो, म्हणलं, "येतो मी स्टँडवरून, भजे खाऊन."

"बस," साहेब म्हणे. इतक्या दिवसात माह्याकडं पाहून बोलेल पह्यला शब्द.

मी बसलो. साहेबाईनं चाचीचा डबा उघडला. दुधी भोपळ्याची भाजी, बिनमिठाची, पांढरीफटक. त्यातला घास त्याईनं मोडला आन तोंडात टाकला.

चाचीचा हात तसाच राह्यला. मले वाटलं, विसरले. हे बी विसरले.

"अजी," चाची हळूच म्हणे, "हा माहा डबा हाय."

"माहीत हाय," साहेब म्हणे. मंग त्याईनं दुसरा डबा, त्याईचा, ठेच्यावाला, दोन्ही हातानं माह्यासमोर सरकवला. "तू हे खा. आमच्यातलं नको घेऊ. भजे बंद."

मी म्हणलं, "साहेब, हा तर तुमचा..."

"चालवते कोण?" साहेबाईनं इचारलं.

ते दोघं एका डब्यातून जेवत होते. साहेब तोंड वाकडं करून म्हणे, "शमीम, इतके दिवस तू हे खाऊन राह्यली?" ठेचा जबर तिखट होता. माह्या डोळ्यातून, नाकातून पाणी, आन मले समजेना का पुसू कशानं, तर मी बाजारातून आणेल मंडपाच्या कनातीचा नवा कपडा ओढला. साहेबाईनं पाह्यलं. "खाऊन घे," म्हणे, "परत जाचं हाय." आन थोड्या वेळानं परत इचारलं, "बबन, चालवते कोण?"

"मी, साहेब," मी म्हणलं. "मी चालवतो."